तिच्या मापाचा पट्टा

फाटक वाजलं, पाठोपाठ आबांचं खाकरणं ऐकू आलं, आणि आकाशनं खांद्यावरचं लेकरू घाईघाईनं तनुजाच्या हातात कोंबलं.

"घे, घे. आबा आले."

तनुजाच्या उजव्या अंगठ्यातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत गेली. "आई गं" म्हणायचं तेही तिनं तोंडातल्या तोंडात म्हटलं, कारण तोवर आबा दारात चपला काढत होते. आकाश मोबाइल घेऊन भिंतीला टेकून बसला, जसा काही तासाभरापासून तिथंच बसलेला होता.

हे रोजचंच होतं. आकाश चिकलठाण्यातल्या कंपनीतून साडेआठला घरी यायचा, हातपाय धुवायचा, पाच महिन्यांच्या श्रेयाला खांद्यावर टाकून आतल्या खोलीत फेऱ्या मारायचा. नऊच्या सुमाराला त्याचे वडील, म्हणजे साहेबराव, म्हणजे आबा, बाहेरून यायचे. त्यांची खाकर आली की लेकरू परत आईकडं. आता आबांनी कधी "लेकराला घेऊ नको" असं म्हटलं होतं का? मुळीच नाही. म्हणायची गरजच नव्हती. त्यांच्या गावाकडच्या, पाचोडच्या घरात वडीलधाऱ्यांसमोर बाप्या माणसानं स्वतःचं लेकरू घ्यायचं नाही, अशी रीत. भावाचं घ्या, बहिणीचं घ्या, शेजाऱ्याचं शेंबडं पोर डोक्यावर घेऊन नाचा, कुणी हूं का चूं करत नाही. स्वतःचं घेतलं की तेवढं बेशरमपण. आता ह्यात कसली आली शरम, ते रीत पाडणाऱ्यालाच ठाऊक. आकाश डिप्लोमा झालेला, मोठमोठ्या मशीनला कॉम्प्युटरवरून कामाला लावणारा माणूस, पण बापाची खाकर कानावर पडली की त्याचे हात आपोआप सुटायचे.

आणि लेकरू तरी कसलं? अंगावर असेपर्यंत गुणाचं, खाली टेकवलं की भोकाड. पाळणा नको, झोळी नको, गादी नको. दुपारी कुठं डोळा लागावा, तर बरोबर तेव्हाच छतावरून विमान जायचं आणि पोर दचकून उठायची. संध्याकाळचं तर विचारूच नका. दिवे लागायच्या वेळेला श्रेयाची रडायची शिफ्ट सुरू व्हायची. आणि नेमकं तेव्हाच आबा जेवण उरकून, टोपी घालून, बाहेर पडायचे. गावाकडची सवय, दिवस असतानाच जेवायचं, ते एक ठीक. पण घरात नात आकांत करतेय आणि म्हाताऱ्याला हवा खायला जायचं सुचतं? तनुजाला लई राग यायचा. ती तो गिळायची. सासऱ्याला काय बोलणार?

सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेलेल्या. माहेर फुलंब्रीला, आईनं बाळंतपण केलं, तीन महिने केलं, पण आता भावजयीचे दिवस भरत आले होते. आबा दिवसभर घरातच असत, पण त्यांचे हात थरथरायचे. चहाचा कप धरला की बशीत तळं. "माझ्या हातात नका देऊ बाई, पाडंल म्या," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. श्रेया गादीवर असली तर शेजारी बसून "बाईसाहेब, काय म्हणता?" एवढं विचारायचे. बाईसाहेब रडायच्या.

तर राहिली कोण? तनुजा.

हाडांच्या डॉक्टरांनी तिचा अंगठा मुठीत धरायला लावला आणि मनगट जरासं खाली वाकवलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"लेकराला काखेत हात घालून उचलता ना? दिवसातनं किती वेळा?"

"मोजलं नाही."

"अंगठ्याची नस सुजलीय. गोळ्या देतो, रात्री मनगटाला पट्टी बांधा. पण खरं औषध म्हणजे आराम. एक चांगलं बेबी कॅरियर घ्या, लेकराचा भार कमरेवर जाऊ द्या. आणि निम्मा दिवस दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं. नुसतं कॅरियर घेऊन भागणार नाही, सांगून ठेवतो. तुम्ही काम काय करता?"

"लॅबमध्ये आहे. रक्त घेते."

डॉक्टरांनी तिचा हात खाली ठेवला. "ह्या हातानं सध्या सुई धरू नका, ताई."

धरू नका म्हणायला काय जातं! जालना रोडवरच्या त्या लॅबमध्ये तनुजा लग्नाआधीपासून होती. तिचा हात हलका. शीर सापडत नाही म्हणून दुसरीकडून टोचून टोचून आलेल्या म्हाताऱ्या, रडून गोंधळ घालणारी पोरं, सगळी तिच्यापुढं बसायची. "ती तनुजाताई आहे का?" असं विचारत लोक यायचे. तिथले सर भले होते, पण भलेपणालाही काही हद्द असते. येत्या एक तारखेला रुजू हो, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

वाट निघत नव्हती असंही नाही. लॅबची वेळ सकाळी सात ते बारा. आकाशला दुपारची शिफ्ट मागून मिळाली असती, मग सकाळभर तो घरी. हाताला आराम, लेकराला बाप, तनुजाला तिची नोकरी. सगळं कसं नीट बसत होतं. फक्त आबाही सकाळभर घरीच असणार होते.

"आबांसमोर मी पाच तास पोरीला घेऊन बसू?" आकाशनं असं तोंड करून विचारलं, की जणू तिनं त्याला बनियनवर बाजारात उभं राहायला सांगितलं होतं.

"मग मी जाऊ नको कामाला?"

"तसं नाही म्हणलो मी."

"मग कसं म्हणलास?"

त्यावर त्यानं हेल्मेट घातलं. नवऱ्याला उत्तर सुचलं नाही की हेल्मेट बरं असतं.

रविवारी कॅरियर घ्यायला निघाले, तर आबाही तयार होऊन दारात उभे. "नातीचा पट्टा म्या घेणार," म्हणाले. झालं. तिघं आणि श्रेया, रिक्षानं कॅनॉटच्या बाजारात गेले. बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. दुकानात मात्र गारवा होता आणि मोनिका नावाची चुणचुणीत पोरगी होती, तिनं काउंटरवर पट्ट्यांचा ढीगच मांडला.

आधी तिनं लांबलचक कापड काढलं. ते छातीवरून, पाठीवरून, परत पुढं असं गुंडाळायचं. लेकराला मऊ, आईला मऊ, पण टोकं फरशीवर लोळत होती. आणि तीन पदर कापड अंगावर घेऊन मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात फिरायचं म्हणजे उकडून निघायचं काम. मग कड्यांचा आला. एका खांद्यावर घ्यायचा, कापड दोन कड्यांतून ओवून ओढायचं. दिसायला साडीच्या पदरासारखा सुरेख. तनुजानं कापड ओढलं आणि अंगठ्यानं असा काही इंगा दाखवला की तिनं तो पट्टा तसाच ठेवून दिला.

"मॅडम, बक्कलवाला बघा," मोनिका म्हणाली. "पहले कमरेचा बेल्ट. बेंबीच्या वर, घट्ट. सगळा भार इथं. आता बेबीला बसवा. गुडघे बघा, बुडापेक्षा वर पाहिजेत. मांडीला खालून पूर्ण आधार पाहिजे, पाय नुसते लोंबकळले नाही पाहिजेत. तोंड दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकायची नाही, श्वास कोंडतो. मान खाली घालून पापा घेता आला म्हणजे बरोबर उंचीवर. आणि गॅसजवळ, टू-व्हीलरवर घालून जायचं नाही, हां!"

तनुजानं मान खाली घातली. श्रेयाच्या टाळूचा तेलकट गोड वास आला. पोर रडत नव्हती. दोन्ही हात मोकळे होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा लेकरू अंगावर आणि हात मोकळे! तिला तिथंच खाली बसून रडावंसं वाटलं.

"ह्यात दोन येतात," मोनिकानं सांगितलं. "हा छोट्या बांध्याच्या लेडीजसाठी. बेल्ट तोकडा आहे, पट्टे पण. आणि हा दुसरा, हा लहानमोठा होतो, मम्मी-पप्पा दोघांना बसतो. मी म्हणेन हाच घ्या. या ना सर, घालून बघा."

आकाश एक पाऊल पुढं आला. खरंच आला, तनुजानं पाहिलं. मग त्यानं मागं वळून आबांकडं पाहिलं.

आबा खुळखुळ्यांच्या रॅकपाशी उभे होते. ते म्हणाले, "म्या जरा बाहेर थांबतो," आणि काचेचं दार ढकलून भर उन्हात जाऊन उभे राहिले, दुकानाकडं पाठ करून. टोपीखालून घाम ओघळत होता, पण म्हातारा वळेना. तनुजाला वाटलं, रागावले. पप्पांनी घालून बघा म्हटल्याचा राग. घ्या, आता पोरगी दोन शब्द बोलली त्याचाही राग!

"सर?"

"नाही, नाही. मला कशाला?" आकाश काचेतून त्या पाठीकडं बघत म्हणाला. "तिलाच घालायचाय. तिच्याच मापाचा द्या."

"अहो," तनुजा हळूच म्हणाली. आबा आसपास असले की ती त्याला अहो म्हणायची, बाहेर उन्हात असले तरी. "दोघांना बसतो तो घेऊ ना."

"तिच्याच मापाचा द्या," आकाश पुन्हा म्हणाला.

पट्टा तिच्याच मापाचा आला. बिल द्यायला आबा आत आले, त्यांनी पट्ट्याकडं पाहिलं, मग मुलाकडं पाहिलं, आणि खिशात हात घातला. परतीच्या रिक्षात तिघांनी तीन दिशांना तोंडं केली होती.

आता पट्टा वाईट होता का? अजिबात नाही. मनगटाचं दुखणं थोडं उतरलं. पण झालं काय, की घरातल्या दोन्ही पुरुषांचा जीव भांड्यात पडला. पट्टा आहे ना! मग श्रेया सकाळपासून तनुजाच्या छातीवर. केर काढताना छातीवर, कपडे वाळत घालताना छातीवर. स्वयंपाकाला तेवढी खाली ठेवायची, मग पोळ्या होईपर्यंत किंकाळ्या. पोटावर घाम, मानेवर पुरळ, पाठ अशी की संध्याकाळी आडवं झालं तरी तिला कळायचं नाही आपण झोपलोय का नुसतंच पडलोय. एकदा तर ती आंघोळीच्या बादलीपुढं बसल्या बसल्या झोपली, आबांनी बाहेरून दोनदा हाक मारली तेव्हा उठली. आणि एक तारीख अशी धावत येत होती. सरांचा फोन आला. "सांगते," एवढंच ती म्हणाली. सांगणार काय? सुई धरणारा अंगठा अजून ठणकत होता, आणि लेकराला घेणारं कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी लाइट गेली. पंखा थांबला तशी श्रेया तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी तडतडली. आबा केव्हाच बाहेर पडले होते. आकाशचा रोजचाच ओव्हरटाइम. तनुजानं पोरीला पट्ट्यात घातलं, दाराला कडी लावली आणि हवेला म्हणून मोठ्या रस्त्याकडं चालायला लागली. डोक्यात काही नव्हतं. नुसतं चालायचं होतं.

गल्ली जिथं जालना रोडला मिळते तिथं एक चहाची टपरी आहे. तिथं स्टँडवर लावलेल्या मोटारसायकलवर आडवा बसून, डबा हँडलला अडकवून, आकाश चहा पीत होता.

तनुजा समोर जाऊन उभी राहिली.

"ओव्हरटाइम का?"

तो गडबडून उठला. "तनू? तू इथं?"

"कंपनी इथं आणली वाटतं टपरीवर. मला कुणी सांगितलंच नाही."

टपरीवाल्यानं चहाच्या पातेल्यात डोकं घातलं. श्रेयानं बापाचा आवाज ऐकला आणि आणखी जोरात सूर लावला.

"रोज इथं बसतोस? मी तिकडं मरतेय आणि तू इथं चहा पितोस? बोल ना! लाज नाही वाटत?"

"वाटते," आकाश म्हणाला. "लाज वाटते म्हणूनच बसतो. घरी येऊन काय करू? ती रडते, तू घेऊन फिरतेस, आबा समोर खुर्चीत. मला घेता येत नाही आणि बघवत पण नाही. हात नुसते शिवशिवतात गं. म्हणून आबा शतपावलीला बाहेर पडतात तेवढी वेळ साधून येतो. वीस मिनिटं तरी भेटते ती मला."

"कुठली शतपावली?"

"जेवून जातात ना ते. साडेआठला."

"आबा दिवस मावळायच्या आत जातात, आकाश. तुझी शिफ्ट सुटायच्या वेळेला. आणि नऊला येतात."

"कधीपासून?"

"मी माहेराहून आले तेव्हापासून. रोज."

आकाशनं ग्लास खाली ठेवला. "मग संध्याकाळी घरी कोण असतं?"

"मी," तनुजा म्हणाली. "मी असते घरी."

ती वळली ती तरातरा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला निघाली. आज म्हाताऱ्यालाही ऐकवायचंच, मग काय व्हायचं ते होवो. मागून आकाश गाडी ढकलत येत होता, "तनू, थांब, आबांना काही बोलू नको," म्हणत. थांबते कशाला!

दुसऱ्या टोकाला लाइटची डीपी आहे, तिच्याशेजारी सिमेंटचा बाक. त्याच्यावर आबा एकटेच बसले होते. गप्पा मारायला कुणी नाही, हवा म्हणाल तर डीपीच्या गरम झळा. चपला काढून ठेवलेल्या, घोटे सुजलेले. हातातल्या टोपीनं ते स्वतःला वारा घालत होते आणि हात थरथरत होता. त्यांना असं बघून तनुजानं जे ऐकवायचं ठरवलं होतं ते निम्मं विसरायलाच झालं.

आबा दचकून उठले. "काय झालं? बाईला काय झालं?"

"काही नाही झालं. तुम्ही इथं का बसता आबा? घरी पंखा आहे, खुर्ची आहे, नात आहे. रोज उठून इथं का येता? आम्ही काही कमी केलं का तुम्हाला?"

"नाय बाई. तसं नाय." मग त्यांना तिच्या मागं उभा असलेला आकाश दिसला, गाडीसकट, डब्यासकट. "तू आता येऊन राह्यला? येवढ्या उशिरा?"

आकाश खाली बघत म्हणाला, "रोज साडेआठलाच येतो, आबा."

"साडेआठला?" आबा बाकावर परत बसले. "मंग म्या कशापायी बसतो हितं?"

मग आबा बोलायला लागले, पण डीपीकडं तोंड करून. मुलाकडं बघून त्यांना ते बोलता आलं नसतं.

"ह्या आकाशाला लहानपणी गोवर निघालता. ओट्यावर पडून रडायला. मला बघून दोन्ही हात वर करायला, 'आबा, आबा' करायला. माझा बाप, कडूबा, समोर बाजंवर बसलेला. म्या भितीला टेकून हुबा. नाय घेतलं. ह्याची आई रानातून येईस्तवर नाय घेतलं. तो रडून रडून निजला. बाप माझा जरासा उठून भाइर गेला आस्ता, तर घेतलं आस्तं म्या. नाय उठला तो. लई वाईट वाटलं मला त्या दिशी. आजून वाटतं. तवा ठरिवलं, आपल्याला नातवंडं झाली की आपुन उठायचं. पोरगं घरी यायच्या येळेला भाइर पडायचं. त्याला घिऊ द्यायचं त्याचं लेकरू. दुकानात बी म्हणून तर भाइर गेलो. यायच्या आधी खाकरतो ते बी त्याच्याच पायी."

अरे देवा! एक बाप इकडं डीपीच्या झळांत बसलेला, एक बाप तिकडं टपरीवर बसलेला, दोघंही एकमेकांची अदब राखत. आणि मधल्या घरात लेकरू एकटीच्या अंगावर. तनुजाला हसू येईना आणि रडूही येईना, तेवढंही त्राण नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "तोंडानं म्हणायचं ना हो. 'घे' एवढंच. एकच अक्षर."

आबांनी टोपी मांडीवर ठेवली. "त्ये नाय सुचलं, बाई," म्हणाले.

तनुजानं पाठीमागचं बक्कल काढायला हात नेला आणि तो निम्म्यातच राहिला, अंगठा दाबेना. आकाशनं ते काढलं. तिनं श्रेयाला त्याच्या हातात दिलं आणि कमरेचा बेल्ट सोडून त्याच्या कमरेला लावू लागली. बेल्ट वीतभर तोकडा पडला. ओढला, पोट आत घ्यायला लावलं, तरी दोन टोकं काही भेटेनात. भेटणार कशी? तिच्याच मापाचा मागून घेतलेला ना!

"राहू दे," आकाश म्हणाला आणि त्यानं पोरीला नुसतीच छातीशी धरली. बापासमोर. त्याचे कान लाल झाले होते.

आबा सवयीनं उठले, चपलेत पाय घालू लागले.

"आबा, बसा," तनुजा म्हणाली. सासऱ्याला असा हुकूम तिनं जन्मात सोडला नव्हता. आबा बसले.

दुसऱ्या दिवशी आकाशनं अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि सगळे पुन्हा त्याच दुकानात. मोनिकानं पट्ट्यावरचा दुधाचा डाग पाहिला आणि परत घेता येणार नाही म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या तिचा तिला," आबा म्हणाले. "ह्याच्या मापाचा येक काढा."

"सरांसाठी?"

"व्हय. ह्याचं लेकरू घ्यायला."

काउंटरसमोर एक गुबगुबीत स्टूल होतं. तनुजा त्यावर टेकली, भिंतीला डोकं लावलं. सरांना काल रात्रीच निरोप पाठवला होता, एक तारखेला येते, पहिले काही दिवस सुई दुसरी कुणी धरेल, मी नावं लिहीन, नळ्या लावीन. सर बरं म्हणाले होते. हात काय लगेच बरा होणार नव्हता. आकाशला दुपारची शिफ्ट मिळाली होती, पण सकाळी पाच तास पोरीनं त्याला सोसायचं होतं आणि त्यानं पोरीला. होईल ते होईल. पुढं मोनिका आकाशला सांगत होती, कमरेचा आधी, घट्ट, आता बेबीचे गुडघे वर घ्या सर. श्रेया कुरकुरत होती. पाठीवरचं बक्कल कुणीतरी लावायला हवं होतं, आणि आबा मुलाच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांच्या थरथरत्या हातांना ती दोन टोकं काही सापडेनात. एकदा चुकलं, पुन्हा चुकलं. मोनिका पुढं झाली तर आकाशनं हातानंच तिला थांबवलं, आणि तो पाठ ताठ करून उभा राहिला, लहानपणी शर्टाची मागची बटणं लावून घेताना पोरं राहतात तसा. मग टक्क असा आवाज झाला. तनुजाला तो ऐकू आला, पण लांबून. तिचे डोळे मिटले होते.

आणि तेवढ्यात आबा खाकरले.

झोपेतच तनुजा दचकली. दोन्ही हात आपसूक पुढं गेले, लेकरू घ्यायला, अंगठ्यात कळ येणार म्हणून दात आवळलेले. ती तशीच थांबली. हातात काही पडलं नाही.

तिनं डोळे उघडले. आबा समोरच उभे होते, हातभर अंतरावर. आकाश त्यांच्याकडं तोंड करून उभा होता आणि श्रेया त्याच्या छातीवर गाल टेकून झोपली होती. दोघांपैकी कुणीही जागचं हललं नव्हतं.

"घशात धूळ गेली बाई," आबा हळूच म्हणाले. "नीज तू."

तनुजानं हात मांडीवर ठेवले आणि पुन्हा डोळे मिटले.